भिंतीवरची आई

मखमलाबादच्या मळ्यात गोटीरामच्या घरी बयाबाईचा जो फोटो भिंतीवर होता, तो बयाबाईचा नव्हता. ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. त्यातला फोटोवाला आधी गेला, मागाहून गोटीराम गेला आणि उरली एकटी त्याची लेक गोजरा. तिला विसरायची सोय नव्हती, कारण फोटो तिचा होता.

झालं ते असं. एक्क्याण्णव सालच्या सिंहस्थात नाशकात माणसांचा पूर लोटला. बारा वर्षांनी येणारी पर्वणी, फुलांना कधी नव्हे तो उठाव. बयाबाई पहाटे झेंडू तोडायची, दुपारपर्यंत हार ओवायची आणि मग पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीत देवळापाशी जाऊन बसायची. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा ती हसून म्हणाली, झेंडूत राहून माणूस पिवळं नाही होणार तर काय. पण हसण्यावारी नेली म्हणून कावीळ जात नसते. पर्वण्या सरल्या, साधू आपापल्या वाटेने गेले आणि पस्तिशीतली बयाबाई आठ दिवसांच्या तापात गेली. मागे नवरा, सतरा वर्षांची गोजरा आणि तीन वर्षांचा अमोल. मधली दोन पोरं आधीच देवाघरी गेली होती, म्हणून बहीणभावात एवढं अंतर.

माय मरो पण मावशी उरो म्हणतात. या घराला मावशी नव्हती, त्यामुळे सगळं गोजरावर आलं. अमोलला कडेवर घेऊन ती खुरपायची, त्याला पाटीत बसवून फुलं तोडायची. पोराला झोपताना आईच्या कानाची पाळी धरायची सवय. गोजरा आपला कान पुढे करायची, तो चाचपून बघायचा आणि हात काढून घ्यायचा. बयाबाईची पाळी झुब्यांच्या ओझ्याने लोंबलेली, गोजराचा कान कोवळा. "हा आईचा नाय," म्हणून तो रडत बसायचा. एवढ्याशा पोराला फसवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पोरं सांभाळलेली नसतात.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा गोटीराम हटून बसला की बयाचा फोटो पाहिजे. आता तो आणायचा कुठून? फोटोने आयुष्य कमी होतं, अशी बयाबाईची पक्की समजूत. लग्नकार्यात कुणी कॅमेरा वर केला की ती पदर तोंडावर ओढून सैपाकघरात पळायची. एवढं जपून पस्तिशीतच गेली ते सोडा. गोटीरामने नातेवाइकांच्या घरचे अल्बम पालथे घातले. एका लग्नाच्या फोटोत तिची पाठ सापडली, आणि ती तिचीच कशावरून, यावरही दोन मतं पडली.

शेवटी पंचवटीतल्या निवृत्ती फोटोवाल्याने मार्ग काढला. त्याला ही अडचण नवी नव्हती. आईवर गेलेली लेक आहे ना घरात, मग अडलंय कुठे, असं तो म्हणाला. आईचं लुगडं नेसवून तिला बसवायची, बाकीचं वय आपण ब्रशने घालू. तशी गोजरा बयाबाईचं हिरवं लुगडं नेसली, नाकात तिची नथ घातली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं आणि दिव्यांच्या उजेडात बसली. निवृत्तीने विचारलं, आईची काही खूण सांग. ती म्हणाली, आईचा एक डोळा जरा बारीक होता, हसली की तो पुरता मिटायचा. निवृत्तीने गोटीरामकडे बघितलं. गोटीराम म्हणाला, दोन्ही सारखे कर, गेलेल्या बाईला आता व्यंग कशाला.

आठ दिवसांनी चौकट घरी आली. अठरा वर्षांच्या पोरीच्या गालावर रेघा उमटल्या होत्या, केसांत रुपेरी तारा आल्या होत्या. देताना निवृत्ती एवढं बोलला की वर्षश्राद्ध झालं की उतरवून ठेवा, जित्या पोरीच्या फोटोला हार बरा नाही. गोटीरामने हो म्हटलं. तो हो म्हणण्यात पटाईत होता.

फोटो भिंतीला टांगला आणि अमोलला समोर उभं केलं. पोराने मान वर केली, जरा वेळ बघितलं आणि सांगून टाकलं, "ही ताई हाय."

गोटीरामचं तोंड उतरलं. वर्षभर पोराचं रडणं ऐकून तो झिजला होता, हा त्याचा शेवटचा उपाय होता. गोजराला बापाकडे बघवेना. तिने अमोलला जवळ घेतलं आणि म्हणाली, "नाय रे राजा, आई हाय. नीट बघ. कुंकू बघ, लुगडं बघ." पोराने फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे, पुन्हा फोटोकडे. ताई सांगते ते खरंच असतं हा त्याचा तोवरचा अनुभव. "आई हाय," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं रडणं थांबलं. गोटीरामने गोजराचा हात अमोलच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली की हे पोराला कधी कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या दोघांना वाटलं.

वर्षश्राद्ध झालं, पण फोटो उतरला नाही. उतरवला असता तर पोराने आकांत केला असता. उलट रोज त्याला हार लागायला लागला, आणि माळ्याच्या घरी हाराला काय तोटा. गोजरानेच अमोलच्या हातात सुई दिली. बयाबाईच्या हाराची एक धाटणी होती, पाच झेंडू की एक मरव्याची काडी, पुन्हा पाच झेंडू. बाजारात तिचा हार वासावरून ओळखू यायचा. गोजराने ती धाटणी भावाच्या बोटांत उतरवली. पाचव्या वर्षी तो वाकडातिकडा, सातव्या वर्षी सरळ हार करायला लागला आणि रोज सकाळी स्टुलावर चढून बहिणीच्या गळ्यात घालायला लागला.

चौऱ्याण्णव साली गोजराचं लग्न झालं. दिंडोरीकडचं घर, नवरा वाल्मीक, चार एकर द्राक्षबाग, सासू अक्काबाई. माणसं वाईट नव्हती. गोजराला मुलगा झाला, साई. राखीला, दिवाळीला ती माहेरी यायची आणि दारात पाय ठेवला की अमोल आधी तिला फोटोपुढे न्यायचा. ती डोळे मिटून हात जोडायची. लोकांना वाटायचं, काय मायेची लेक. डोळे उघडे ठेवून स्वतःच्या पाया पडणं किती अवघड असतं ते तिचं तिला ठाऊक.

अमोल फोटोशी बोलायचा. विहिरीचं पाणी किती खाली गेलं, दहावीत गणित कसं राहिलं, सगळं. एकदा गोजरा अंगणात शेंगा निवडत असताना आतून आवाज आला, "आई, मी तंबाखू खाऊन बघितली. ताईला सांगू नको." गोजराला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते मात्र पुष्कळ वेळ थांबलं नाही. भाऊ तिच्यावर जीव टाकत होता, पण मनातलं सांगत होता तिच्या फोटोला. आपण त्याची आई झालो आणि बहीण मधेच कुठेतरी राहून गेली, असं तिला वाटायचं. पण ते बोलायचं कुणाशी?

दोन हजार तीनच्या सिंहस्थात गोटीराम गेला. जाताना त्याने लेकीला शपथेतून मोकळं केलं नाही. विसरला असेल, किंवा त्याच्या मनात बयाबाईचा चेहरा आता तोच झाला असेल. बयाबाई सवाष्ण गेली म्हणून पितृपक्षात तिची अविधवा नवमी व्हायची, तिच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बसायची. नवरा गेला की ही नवमी बंद करतात, असं भाऊबंद म्हणाले. पंधरा वर्षांच्या अमोलने ऐकलं नाही. आई माझी आहे, आबांची नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं.

गोजराच्या मनात भीती शिरली ती त्याच सुमाराला, आणि शिरली एका थपडेमुळे. साई तेव्हा लहान होता. त्याने खेळता खेळता बापाच्या फोटोला फुलांची माळ घातली. अक्काबाईने नातवाच्या पाठीत सणसणीत लगावली. जित्या माणसाच्या फोटोला हार घातला की त्याचं आयुष्य तुटतं, असं ती बोलली आणि तीन दिवस दिवा लावून बसली. गोजरा चुलीपुढे होती. एका हाराला तीन दिवसांचा दिवा, मग माझ्या अकरा वर्षांच्या हारांना काय, असा हिशेब तिच्या डोक्यात आला आणि पोळी तव्यावर करपली.

दोन हजार नऊ साली तिच्या छातीत गाठ निघाली. द्राक्षाचा हंगाम चालू होता, म्हणून ती दोन महिने कुणाला बोलली नाही. या बाबतीत ती आईच्या वळणावर गेली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी वाल्मीकला बाजूला घेतलं. उपचार सुरू झाले, केस गेले, अन्नावरची वासना गेली. अक्काबाई शेजारणींना सांगायची, सुनेला कुणीतरी काहीतरी केलंय. गोजराला वाटायचं, सांगावं म्हातारीला, की केलंय ते माझ्या भावाने, रोज सकाळी आंघोळ करून, पाच झेंडू आणि एक मरव्याची काडी.

ती काही अगदी अडाणी नव्हती. गाठ हाराने होत नाही हे तिला कळत होतं. पण जगायची इच्छा झाली की माणूस कळलेलं बाजूला ठेवतं. साई शाळेत होता, अजून त्याला नीट सायकल पुसता येत नव्हती. हार तेवढा निघाला तर, एवढंच तिच्या डोक्यात घोळायला लागलं. हार काढायचा तर सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं की अमोलची आई जाणार होती. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तशी तिची गत झाली.

त्या भाद्रपदात अमोलचा निरोप आला, की यंदा नवमीला सवाष्ण म्हणून ताईच पाहिजे. त्याचं लग्न वैशाखात झालं होतं, नवी सून प्रतिभा पहिल्यांदाच नवमीचा सैपाक करणार होती. गोजराने डोक्याला रुमाल बांधला आणि वाल्मीकच्या मोटारसायकलवर बसून आली. तो तिला सोडून औषधं आणायला शहरात गेला.

अमोलने तिला बघितलं, डोक्याचा रुमाल बघितला, पण तो हसला. प्रतिभाने पाट मांडला, फोटोच्या अगदी समोर. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, अळूच्या वड्या. कावळ्याला घास टाकून झाला. प्रतिभाने ओटी भरली, कुंकू लावलं. अमोल हिरवं पातळ घेऊन आला, ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. उठून त्याने एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे बघितलं. गालावरच्या त्या रेघा, तेच खोल गेलेले डोळे. निवृत्तीने ब्रशने घातलेलं वय गोजराने गाठलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "आज आईच जेवाया बसली असं वाटतंय."

गोजराने घास उचलला होता, तो ताटात ठेवला. ताटावरचं अन्न मेलेल्या बाईचं, समोरच्या फोटोवरचा हार मेलेल्या बाईचा, आणि दोन्हीच्या मधे ती जिवंत बसलेली. तिच्याने राहवेना.

"अमोल, ती आई नाय," ती म्हणाली. "तो फोटो माझा हाय."

मग तिने सगळं सांगितलं. लुगडं, नथ, ब्रश, निवृत्ती, शपथ. अक्काबाईची थप्पडसुद्धा सांगितली, आणि आपल्याला काय भीती वाटते तेही लाज सोडून सांगितलं. अमोल ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता ऐकत होता, बाजारात कुणी भाव सांगत असावं तसा.

"तू ओळखलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "चार वर्षांचा होतास. ही ताई हाय म्हणाला होतास. मीच तुला खोटं पाडलं."

प्रतिभा दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. अमोल खाली बसला, ताटाच्या अलीकडे, लहान मुलासारखा मांडी घालून. "बरं," तो म्हणाला. "मग ती कशी होती ते सांग. तू तर बघितलीय."

एवढंच मागितलं त्याने. गोजराने डोळे मिटले. आईचे हात आले, झेंडूने रापलेली बोटं आली. लोंबलेली कानाची पाळी आली. वाफ्यात पाणी सोडताना वाकलेली पाठ आली. हाक आली, "गोजरे, भाकरी बघ." पण चेहरा काही येईना. ती जोर करून आठवायला लागली आणि जो चेहरा आला तो भिंतीवरचा होता, चौकटीसकट, हारासकट. सतरा वर्षं डोळे मिटून हात जोडताना तिने तोच बघितला होता.

"तिचा एक डोळा बारीक होता," ती म्हणाली. "हसली की मिटायचा."

"कोणता?"

गोजराने डाव्या डोळ्याला हात लावला, मग उजव्याला. आई समोर बसली की तो डोळा कुठल्या अंगाला यायचा, चुलीकडच्या का दाराकडच्या, हे तिने मनातल्या मनात मांडून बघितलं. काही जमेना. फोटोत दोन्ही सारखे होते.

"ठाऊक नाय रे," ती म्हणाली आणि रडायला लागली. या घरातली बयाबाई खरी मेली ती त्या दुपारी. एवढे दिवस ती निदान कुणाच्या तरी डोक्यात आहे, असं गोजरा धरून चालली होती.

अमोल उठला. स्टूल ओढलं, वर चढला आणि फोटोवरचा हार काढला. "तू जग," तो म्हणाला. "आईचं बघू मग." हार हातात घेऊन तो खाली उतरला आणि तसाच उभा राहिला. देवाला घालावा तर तो उतरलेला, टाकावा तर आईचा. घरात आता हार घालायला कुणी नव्हतं. शेवटी प्रतिभाने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि तुळशीच्या बुडाशी नेऊन ठेवला. डोळे पुसून गोजराने जेवावं, म्हणून त्याने हट्ट केला. आईची म्हणून नको, माझी ताई म्हणून जेव, असं म्हणाला. तिने चार घास खाल्ले आणि ते पोटात राहिले. महिनाभरात पहिल्यांदाच राहिले, म्हणून भावाला वाटलं की गुण आला.

मग तो रोज सकाळी फोन करायला लागला. फुलं बाजारात टाकली की आधी दिंडोरीला फोन. "ताई, हार नाय घातला आजबी," असं सांगायचा, जणू औषधाचा डोस दिला. ती म्हणायची, बरं वाटतंय मला. ती खोटं बोलते हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि खोटं बोलण्यात त्या घराचा हातखंडा होता. कुणा जुन्या माणसाने बयाबाईच्या फोटोला हार का नाही, असं विचारलं तर अमोल म्हणायचा, आईला आता फुलांचा वास सोसत नाही. फोटोशी तो बोलत नव्हता. बोलून बघितलं होतं एकदा, पण ताईला सांगू नको, एवढ्यावर येऊन अडला.

पौषात गोजरा गेली. सकाळी नऊच्या सुमाराला, साईला शाळेचा डबा भरून द्या, असं सासूला सांगून. आईइतकीच झाली होती, पस्तीस वर्षांची. वाल्मीकने खांदा दिला तेव्हा म्हणाला, ओझंच लागलं नाही. अमोल तेराव्यापर्यंत दिंडोरीत राहिला. साईच्या शेजारी बसला, अक्काबाईचं रडणं ऐकलं, आल्यागेल्याला चहा दिला. तेराव्याचं जेवण झालं तसा तो मखमलाबादला परत आला.

झेंडूचा हंगाम सरत आला होता. त्याने वाफ्यातून उरलीसुरली फुलं तोडली, बांधावरचा मरवा खुडला आणि ओट्यावर बसून हार ओवला. पाच फुलं, एक काडी, पाच फुलं, एक काडी. बोटांना विचारावं लागलं नाही. मग स्टूल ओढून वर चढला आणि फोटोला हार घातला. फोटो तोच, खिळा तोच, हारही तसाच. या वेळी त्यात काही खोटं नव्हतं.

मागून प्रतिभाने हळूच विचारलं, हा सासूबाईंचा का वन्संचा. तो स्टुलावरच उभा राहिला, चेहरा अगदी जवळ नेला आणि काचेवरची धूळ अंगठ्याने पुसली. आधी डाव्या डोळ्याकडे बघितलं, मग उजव्याकडे. पुष्कळ वेळ बघत राहिला. दोन्ही डोळे सारखेच होते.